गाडी चुकली कशामुळे?

दोस्तांनो, समजा नंदुरबारहून धडगावला जाणाऱ्या एस.टी.चं वेळापत्रक तुम्ही शाळेच्या संकेतस्थळासाठी बनवलंत. गावाचं नाव डावीकडे, वेळ पार उजव्या टोकाला. दिसायला छान! पण चष्मा लावूनही ज्यांना अंधुक दिसतं, ते संगणकातलं भिंग वापरतात. विंडोजमध्ये त्याचं नाव ‘मॅग्निफायर’. अक्षरं चौपट उंच, चौपट रुंद केली, की एका वेळी पानाचा सोळावाच भाग दिसतो! गाव दिसतं तेव्हा वेळ दिसत नाही. सरकताना ओळ चुकली, की गाडीही चुकली!

म्हणून वेळ नावाला लागूनच लिहा. मजकुराचं चित्र टाकू नका. मोठं केलं की काना-मात्रा धूसर होतात.

पटत नाही? कागदाला रुपयाएवढं भोक पाडा आणि त्यातून आजचं वर्तमानपत्र वाचून बघा!