आपल्या तालुक्याचा अँटिबायोग्राम कुठे आहे?

वाचकांच्या पत्रांत सध्या एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. हुडहुडी भरून ताप, एका कुशीत कळ, उलट्या. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफिक्झिम सुरू केले, तिसऱ्या दिवशीही ताप उतरत नाही. मग कल्चर पाठवायचे, तर डोस आधीच पोटात गेल्याने ‘नो ग्रोथ’. वाढ झालीच तर ईएसबीएल असलेला ई. कोलाय, आणि ‘एस’च्या रकान्यात नायट्रोफ्युरँटोइन. ते पाहून पायलोनेफ्रायटिसला तेच लिहिणारे डॉक्टर आपल्यात आहेत. मूत्राशयापुरते ते उत्तम औषध आहे, पण मूत्रपिंडाच्या ऊतीत ते पुरेसे पोहोचत नाही. तोंडी फॉस्फोमायसिनचेही तेच. रिपोर्टवर ‘फक्त सिस्टायटिससाठी’ एवढी ओळ लॅबने छापायलाच हवी. पण आपणही मागणीपत्रावर ‘युरिन सी/एस’ खरडून मोकळे होतो. ताप, गरोदरपण, कॅथेटर, अलीकडची भरती, आधीची प्रतिजैविके, यांतले काही लिहीत नाही.

जानेवारी 2024 मध्ये आरोग्यसेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांना आणि संघटनांना पत्र पाठवले: प्रतिजैविक लिहिताना कारण नोंदवा. नोंदवू. पण औषध निवडायचे कशाच्या आधारावर? आयडीएसएच्या 2010च्या मार्गदर्शिकेत निकष होता: स्थानिक प्रतिरोध 10 टक्क्यांहून जास्त असेल तर पायलोनेफ्रायटिसला नुसत्या क्विनोलोनवर विसंबायचे नाही. आधी सेफ्ट्रियाक्सोन किंवा अमायनोग्लायकोसाइडचा एक डोस द्यायचा. हा स्थानिक आकडा आहे कुणाकडे? आयसीएमआरचे वार्षिक अहवाल मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतले. बार्शीच्या ओपीडीत पायी आलेली बाई त्यांत सापडत नाही. आणि त्या आकड्यांना घाबरून पहिल्याच दिवशी फॅरोपेनेम लिहिणे, हे तर उरलेसुरले औषधही गमावणे.

मग निदान वापराच्या नोंदी तरी? औषधविक्रेते 2014 पासून शेड्यूल एच-1चे रजिस्टर भरतात, तीन वर्षे जपतात. त्यात सेफिक्झिम आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे; पण ज्यांनी ई. कोलायला इतकी वर्षे सराव दिला ती सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन शेड्यूलच्या मूळ यादीत नाहीत. यादी करणाऱ्यांनी ओपीडीतली एक तरी चिठ्ठी पाहिली होती का?

केरळ स्वतःचा राज्यव्यापी अँटिबायोग्राम काढते. आपण आदेशाची वाट का पाहायची? सीएलएसआयच्या निकषाप्रमाणे एका जीवाणूचे किमान 30 आयसोलेट्स लागतात, प्रत्येक रुग्णाचा फक्त पहिला. तालुक्याच्या लॅबला वर्षभरात एवढे जमण्यासारखे आहे. पॅथॉलॉजिस्ट मित्रांनो, ओपीडीचे नमुने भरती रुग्णांपासून वेगळे काढा आणि रुग्णांची नावे वगळून आकडे आमच्याकडे पाठवा. आम्ही ते जिल्हावार छापू.

आणि दवाखान्यातल्या सहकाऱ्यांनो, ‘आधी औषध द्या, तपासणीचं मग बघू’ असे रुग्ण म्हणणारच. तरीही पहिल्या डोसआधी मिडस्ट्रीम नमुना घ्याच. लॅब लांब असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा. मागणीपत्रावर ‘ताप आहे, कुशीत दुखते, भरती नव्हती’ एवढे तरी लिहा.