आकाशातला तो दिवा कोणाचा?

दिवाळीच्या दिवसांत डोंबिवलीच्या गच्च्यांवर संध्याकाळी मंडळी जमतात. मध्येच एक शांत ठिपका चांदण्यांतून सरकताना दिसतो. एकजण म्हणतो, "विमान!" दुसरा म्हणतो, "छे, तारा तुटला!" तेवढ्यात ठिपका विझतो आणि मागे वाद तेवढा उरतो.

खरे म्हणजे अर्धा वाद तिथल्या तिथे मिटण्यासारखा असतो. विमानाचे दिवे लुकलुकतात. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. कृत्रिम उपग्रह मात्र सहसा एकाच तेजाने काही मिनिटे चालत राहतो. त्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य मावळला तरी त्या उंचीवर ऊन असते, त्या उन्हात तो चमकतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो.

पण हा उपग्रह कोणता? त्यासाठी दोनच गोष्टी टिपून ठेवायच्या : तो कोणत्या ताऱ्यांमधून गेला आणि नेमक्या किती वाजता. ठाण्याहून कल्याणला लोकलने वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला तेवढ्या अंतराला तीन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे घड्याळ एक सेकंद चुकले, की हिशेब साडेसात किलोमीटरांनी चुकला! वेळ आणि वाट बरोबर टिपली, तर माहीत असलेल्या उपग्रहांच्या वेळापत्रकाशी ती ताडून पाहता येते.

एक अडचण मात्र राहते. एका गच्चीवरून दिशा कळते, अंतर कळत नाही. जवळचा संथ आणि दूरचा वेगवान असे दोन ठिपके क्षणभर सारखेच दिसतात. अशा वेळी कल्याणचा मित्र उपयोगी पडतो. ठाणे-कल्याण सरळ अंतर सुमारे १७ किलोमीटर. दोघांनी एकाच सेकंदाला पाहिले, तर डोक्यावरच्या अवकाशस्थानकाच्या जागेत त्यांना जवळजवळ अडीच अंशांचा फरक दिसेल. पाच पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत, एवढा! त्या फरकावरून शाळेतल्या त्रिकोणमितीने उंची काढता येते.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. कोणी उल्का म्हटले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या अग्निबाणाचेही नाव पुढे आले. पण अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग ताडून सांगितले, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. तो त्याच सुमारास खाली यायचा होता.

सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. झाली असती, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई द्यायची ती अग्निबाण उडवणाऱ्या देशाने. पण कोणाच्या दारात जाऊन मागायची, हे आधी कळायला नको का?

तेव्हा वाचकहो, आकाशातल्या पाहुण्याचे बारसे करण्याची घाई नको. आधी घड्याळ पाहावे, मग तारे पाहावेत. नाव आपोआप सापडते.