सात मिनिटांचा गोंधळ

तर मंडळी, गेल्या वीकान्ताला गावी गेलो होतो. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद. चौकात फ्लेक्स दिसला: स्थानिक कलावंत, लेखक आणि गायकांसोबत लाइव्ह गप्पांची संध्याकाळ. मनात म्हटलं, वा! पुण्यात असल्या कार्यक्रमांना पाचशेचं तिकीट काढून जातो, इथे फुकट, आणि तेही आपल्या माणसांचा. तासभर आधी जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो.

कार्यक्रम पावणेतीन तास चालला. त्यातले पावणेदोन तास मुंबईहून आलेल्या मालिकेतल्या एका नटाशी गप्पा. सेटवरचे किस्से, आवडता पदार्थ, आणि ‘आमच्या गावाबद्दल काय सांगाल?’ (काय सांगणार बिचारा, दुपारी चारला पोचला होता.) मग सत्कार, आभार, पुन्हा सत्कार. गावातल्या कवीला एक कविता. शाळेतल्या मुलींचं एक गाणं. आणि सगळ्यात आधी, लोक अजून खुर्च्या शोधत असताना, एका गोंधळ्याला सात मिनिटं. घड्याळ बघून सांगतोय. सातव्या मिनिटाला निवेदक माइक घेऊन शेजारी उभा राहिला आणि ‘वेळेअभावी’ म्हणाला. मामांनी संबळ थांबवलं, नमस्कार केला आणि उतरले. त्यांना प्रश्न? एकही नाही.

नंतर मांडवामागे जाऊन भेटलो. म्हटलं, ‘मामा, लईच थोडक्यात उरकलं.’

म्हणाले, ‘सात मिन्टात आवाहन बी व्हत न्हाई लेकरा. देव आल्याबिगर कथा कुणाला सांगू?’

हे वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हा लेख.

ज्यांनी गोंधळ फक्त लग्नाच्या व्हिडिओत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. आधी चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटते. संबळ, तुणतुणं, झांजा. मग एकेका देवाला नाव आणि गाव घेऊन बोलावतात: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. सगळे आले की आख्यान सुरू. नाईक कथा सांगतो, साथीदार मध्येच वेडेवाकडे प्रश्न विचारतो, टोमणे मारतो, गावातल्या ताज्या भानगडीवर कोटी करतो, पुन्हा गाणं. सूत्रधार आहे, त्याची फिरकी घेणारा जोडीदार आहे, लाइव्ह बँड आहे, पाहुण्यांची यादी आहे. अमेरिकेतल्या लेट नाइट शोवाल्यांकडे यापेक्षा वेगळं काय असतं हो? फक्त टेबल आणि कॉफीचा मग! आणि या कलेच्या माणसाला, तुळजाभवानीच्याच जिल्ह्यात, आपण गप्पांच्या कार्यक्रमात गप्प बसवतो. त्याचं संबळ चालतं, त्याचं तोंड चालत नाही.

माझा राग नटावर नाही. तो बोलावला म्हणून आला. राग आहे तो ‘स्थानिक’ या शब्दाच्या वापरावर. फ्लेक्सवर स्थानिक, खुर्चीवर पाहुणा. कलावंत म्हणजे उद्घाटनाची समई, पेटवली की बाजूला सरकवायची.

हे बोलायचा मला अधिकार किती, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी हापिसातल्या महाराष्ट्र दिनाच्या कमिटीत मी होतो. साहेबांच्या एन्ट्रीला संबळ पाहिजे असं ठरलं. मी गावाकडच्या एका पोराला फोन केला. तो रात्रभर एसटीत बसून आला, दहा मिनिटं वाजवलं, सगळ्यांनी फोटो काढले. मानधन? शाल, नारळ आणि कँटीनचं कूपन. साउंडवाल्याचं बिल मात्र मी त्याच संध्याकाळी पास करून घेतलं. पोरगं काही बोललं नाही, ‘येतो दादा’ म्हणून गेलं. मला त्या दिवशी यात काहीच चुकीचं वाटलं नव्हतं, हे जास्त वाईट.

आता नेहमीचा बचाव: ‘लोक चेहरा बघायला येतात. स्थानिकांना ठेवलं तर खुर्च्या रिकाम्या राहतील.’ थोडं खरं आहे. पण ज्या माणसाला तुम्ही कधी सात मिनिटांच्या वर दिलंच नाही, त्याला लोक ऐकत नाहीत हे कशावरून ठरवलं? याच जिल्ह्यात २०१७ मध्ये नाट्य संमेलन झालं, जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. शब्द ऐकायला माणसं येतात इथे. ‘लाल चिखल’ लिहिणारे भास्कर चंदनशिव याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातले. टोमॅटोचा भाव पडल्यावर शेतकऱ्याचं काय होतं, हे आपल्याला त्यांनी सांगितलं, मुंबईच्या पाहुण्याने नाही.

दुसरा बचाव: ‘त्यांना स्टेजवर बोलता येत नाही.’ जो माणूस रात्रभर आख्यान सांगतो त्याला बोलता येत नाही? साहेब, प्रश्न विचारता येत नाही तो आपल्याला. नटाला विचारायचे प्रश्न पाठ असतात. गोंधळ्याला विचारायचं तर आधी त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं. पावसाळ्यात संबळाचं कातडं ढिलं पडलं तर काय करता? आख्यान कुणाकडून शिकलात? मुलगा शिकतोय का, नसेल तर का?

आणि परंपराच काढायची तर तेरची काढू. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले आणि त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं, कोण पक्कं आणि कोण कच्चं, ही आख्यायिका आपल्याला पाठ आहे. नामदेवांसारखा पाहुणा कच्चा ठरला! मडकी घडवणारा गावचा माणूस यजमान, आणि निवाडाही त्याचाच. पाहुण्यांना जरूर बोलवा, पण थापटणं आपल्या माणसाच्या हातात राहू द्या.

मागणी फार नाही. कार्यक्रमाच्या नावात ‘स्थानिक’ असेल तर मुख्य तासभर स्थानिकाला द्या. त्याला खुर्ची द्या, प्रश्न विचारा. आणि पाकीट शालीसोबत त्याच रात्री, साउंडवाल्याच्या आधी. एवढं करणार असाल तर पुढच्या कार्यक्रमाची वर्गणी माझ्याकडून घ्या. त्या पोराचे राहिलेले पैसे परवा पाठवलेत. फोनवर म्हणाला, ‘दादा, कशाचे हो?’

त्याला आठवतही नव्हतं. त्याच्यासाठी ते नेहमीचंच होतं.