औषधोपचाराचा हिशेब आणि आपले कर्तव्य

भाव, भाडे, कर आणि मंडीचे नियम यांविषयी आपल्या स्मरणिकेत नेहमीच लिहिले जाते. यंदा आम्ही वेगळा विषय घेत आहोत. पांढुर्णा किंवा सौंसर येथून दुखणाईत माणूस घेऊन नागपूरकडे निघालेली गाडी आपल्यापैकी बहुतेक घरांनी पाहिली आहे. अशा वेळी उपचारात हयगय होऊन माणूस दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्या घराने काय करावे?

सामान्यतः दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘प्राक्तनात होते’ म्हणून सर्वजण गप्प बसतात. नाही तर संतापलेले नातलग रुग्णालयाच्या काचा फोडून डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात. आमच्या मते दोन्ही मार्ग सारखेच त्याज्य आहेत. कर्माचा विचार शोकाकुल मनाला धीर देण्यासाठी आहे, हयगय करणाऱ्याला फारकतीची पावती देण्यासाठी नव्हे. आणि मारहाणीने तर न्याय्य तक्रारीचाही पाया ढासळतो.

तिसरा मार्ग न्यायाचा आहे, व तो आपल्याच मराठी मुलखातील दोन कुटुंबांनी चोखाळला. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यातील रुग्णालयात पुरेशी भूल न देता, अवाजवी जोर लावून ते ओढण्यात आले आणि ९ मे रोजी तो मरण पावला. पित्याने दावा लावला. न्यायालयाने ३,००० रुपये भरपाई दिली व सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती कायम केली. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी दक्षता घेतली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे.

दुसरे प्रकरण तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातील. १९६३ च्या जुलैमध्ये एका बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत कापडाचा बोळा पोटातच राहिला व ती दगावली. कुटुंबाचा दावा खालच्या न्यायालयात मान्य झाला, उच्च न्यायालयात फेटाळला गेला, आणि शेवटी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले. मध्ये तेहतीस वर्षे गेली! परंतु सरकारी रुग्णालयही उत्तरदायी असते, हे त्यातून ठरले.

आज वाट काहीशी सुगम झाली आहे. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी नागपूरच्या खेपा घालण्याचे कारण नाही. मात्र मुदत दोनच वर्षांची आहे. सर्वांवरच विनामूल्य उपचार करणारे रुग्णालय या कायद्याबाहेर राहते. तेथे दिवाणी न्यायालयात दाद मागावी.

तथापि प्रत्येक मृत्यू हा हयगयीचा पुरावा नव्हे. पोलिसांत फौजदारी गुन्हा दाखल करण्यासाठी हयगय घोर स्वरूपाची हवी आणि तटस्थ वैद्यकीय अभिप्राय हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले आहे. ते योग्यच झाले. भयभीत डॉक्टर अवघड रुग्ण घेणार नाही, आणि त्याचा फटका आपल्यासारख्या लहान गावांनाच प्रथम बसेल.

मग खरी गोष्ट कोठे अडते? आमच्या मते कागदावर. बिल्टीवाचून एक पोते न हलविणारे आम्ही व्यापारी लोक, रुग्णालयातून परतताना बहुधा केवळ औषधांची पिशवी घेऊन येतो. वास्तविक २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. म्हणून मागणी लेखी करावी व तिची पोच घ्यावी. संमतिपत्र वाचून मगच सही करावी. बिले, तपासण्यांचे अहवाल व घरी सोडतानाचा गोषवारा रोजमेळाप्रमाणे तारीखवार लावून ठेवावा. प्रामाणिक डॉक्टरला या नोंदींचे भय नाही. उलट त्याही बाजूने त्याच साक्ष देतात.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांना वकील मिळेल, पैसाही उभा राहील. पण आपल्या आडतीवर पोती वाहणाऱ्या हमालाच्या विधवेला कागद कोणता मागावा हेदेखील ठाऊक नसते, आणि दोन वर्षे पोटाच्या विवंचनेतच सरून जातात. संघाने एक वकील व एक अनुभवी डॉक्टर यांस विनंती करून महिन्यातून एक दिवस असे कागद पाहण्याची सोय करावी. ती केवळ सभासदांसाठी न ठेवता मंडीत कष्ट करणाऱ्या प्रत्येकास खुली असावी. तक्रारीत तथ्य नसेल तर तसे त्या कुटुंबास समजावून सांगावे. तथ्य असेल तर मुदतीच्या आत दाद मागण्यास साह्य करावे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.