मुळावर आलेली मागणी

बाळगुटीच्या सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरडशेंग यांच्याबरोबर अतिविषाच्या कळीचे एक-दोन वेढे देण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही कळी म्हणजे फुलाची कळी नव्हे. पश्चिम हिमालयाच्या उंच कुरणांत उगवणाऱ्या वनस्पतीचे ते कंदासारखे मूळ होय. बचनागाच्या कुळातील असूनही अतिविष त्याच्यासारखे जहाल नाही. ज्वर आणि अतिसार यांवर आयुर्वेदाने ते महत्त्वाचे मानले. ही उपयुक्तताच आता त्या वनस्पतीच्या मुळावर आली आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ पासून अतिविषाची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. जटामांसी आणि कुष्ठ ही त्याची हिमालयीन भावंडे तर ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली आहेत. तिन्हींच्या ऱ्हासाचे मुख्य कारण एकच : औषधासाठी लागते ते मूळ, आणि मूळ उपटले की झाड संपते. पान वा फळ तोडल्यावर झाड उरते; येथे ती सवलत नाही.

अतिविषाला बी धरते ते पावसाळा सरताना. बी पिकून जमिनीवर पडेपर्यंत थांबले तर पुढची पिढी उगवू शकते. परंतु कुरण सामाईक असते. आज थांबणाऱ्याचा कंद उद्या दुसरा कोणी खणून नेईल, ही भीती प्रत्येकाला घाई करायला लावते. कंद इवलासा असल्याने किलोभर मालासाठी शेकडो झाडे खणावी लागतात. बाजारात किलोला हजारो रुपये मोजले जातात. त्यातील सर्वात लहान वाटा खणणाऱ्याच्या हाती पडतो. केवळ त्याला दोषी ठरवून प्रश्न सुटणार नाही.

लागवड हा त्यावरचा सरळ उपाय वाटतो. राष्ट्रीय आयुष अभियानात अतिविषाचा समावेश ७५ टक्के अनुदानाच्या वनस्पतींत झाला होता. तथापि पीक हाती येण्यास काही वर्षे लागतात आणि लहान शेतकऱ्याला तेवढी वर्षे रिकामी जमीन परवडत नाही. शिवाय कुष्ठाचा अनुभव सावध करणारा आहे. लाहौलच्या शेतांत त्याची लागवड अनेक दशके झाली, १९८५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराची सर्वात कडक बंधने आहेत, तरीही रानातील कुष्ठ सावरलेले नाही.

कायद्याची दिशा येथे निर्णायक ठरते. जैविक संसाधने वापरणाऱ्या देशी कंपन्यांनीही लाभातील वाटा दिला पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला होता. त्यानंतर जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. तिने लागवडीतून आलेल्या औषधी वनस्पतींना या दायित्वातून सूट दिली. लागवडीला उत्तेजन देण्याचा हेतू योग्यच आहे. मात्र वाळलेला कंद शेतातला की कुरणातला, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. उगमाचा दाखला स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने द्यायचा आहे. ती समिती नावापुरती राहिली, तर रानातला माल शेतातला म्हणून विकला जाईल. मग ज्या गावांनी कुरण राखायचे, त्यांचा वाटाही जाईल आणि कुरणही जाईल.

म्हणूनच प्रत्येक दाखल्यामागे लागवडीची नोंद आणि तपासणी हवी. बी पडेपर्यंत खणणी न करणाऱ्या गावांना चांगल्या भावाची हमी हवी. औषध कारखान्यांनी माल कोठून आला हे वेष्टनावर छापावे. पर्यायाची वाटही परंपरेनेच दाखविली आहे : अतिविष न मिळाल्यास मुस्ता, म्हणजे आपला नागरमोथा वापरावा, असे सोळाव्या शतकातील भावप्रकाश सांगतो. नागरमोथा शेताच्या बांधावर तण म्हणून माजतो. वैद्यांच्या सल्ल्याने जेथे शक्य तेथे हा पर्याय स्वीकारला, तर हिमालयातील कुरणांना थोडी उसंत मिळेल. ही उसंत मिळाली नाही, तर सहाणेवरची ती कळी पुढच्या पिढीला केवळ नावाने ठाऊक असेल.