‘चेकिंग फ्री’ची पाटी काढा: जुन्या पीसीतलं ग्राफिक्स कार्ड आणि माझी महागातली चूक



कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय, असं म्हणणारे बरेच जण माझ्याकडे येतात. जागा ठरलेली असते, नाव ठरलेलं असतं आणि पाटीवर एक ओळ हमखास असते: ‘चेकिंग फ्री’. माझं स्पष्ट मत आहे, ती ओळ काढून टाका. का, ते एका कामावरून सांगतो. हे काम दिसायला अगदी साधं आहे: जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड लावून देणं.

बोरिवलीत दुकान टाकलं तेव्हा माझ्याही पाटीवर ती ओळ होती. बीबीए करून आलो होतो, ग्राहक एकदा आत आला की विक्री होते, एवढंच डोक्यात. एक दिवस लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा आला. कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप त्याने सेकंडहँड घेतला होता. आय फाइव्ह, चौथी जनरेशन. म्हणाला, “दादा, एक्सपोर्टला पूर्ण रात्र जाते. एक चांगलं कार्ड टाकून द्या.”

चेकिंग फुकट होतं, म्हणून मी चेकिंग केलंही तसंच. साइड पॅनल उघडलं, स्लॉट रिकामा दिसला, लॅमिंग्टन रोडवरून कार्ड मागवलं. 120 वॉटचं होतं, त्याला सहा पिनची वेगळी पॉवर लागायची. त्या मशीनच्या एसएमपीएसला तशी वायरच नव्हती. मी काय केलं? साटाच्या वायरला कन्व्हर्टर लावला आणि त्यातून कार्डाला पॉवर दिली. दुकानात अर्धा तास गेम चालवून दाखवला, पैसे घेतले, पोरगा खूश.

चौथ्या रात्री एक्सपोर्ट चालू असताना जळका वास आला आणि मशीन बंद पडलं. कन्व्हर्टरचं प्लास्टिक वितळलं होतं, एसएमपीएस गेला होता आणि त्याच वायरीवरची हार्डडिस्कही. त्या डिस्कमध्ये एका लग्नाचं पूर्ण शूट होतं. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं त्याने पुढच्या ऑर्डरसाठी रिकामी केली होती. डेटा रिकव्हरीचे पैसे मी भरले. लग्न आणि रिसेप्शन परत मिळालं, हळदीचं शूट नाही मिळालं. त्या घरच्यांना काय सांगितलं ते त्यालाच माहीत. तो परत माझ्या दुकानात आला नाही.

आता हिशोब बघा, जो मी आधी करायला हवा होता. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट देतो. सहा पिनची वायर आणखी 75, आठ पिनची 150. साटाचा कनेक्टर मात्र 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरचा, म्हणजे फक्त 54 वॉटचा. मी त्याच्याकडून 75 वॉटचं काम करून घेत होतो. दुसरी गोष्ट, एसएमपीएसचं लेबल. त्यावर 240 वॉट लिहिलं होतं. 120 चं कार्ड, 84 वॉटचा प्रोसेसर, वर डिस्क, पंखे, रॅम आणि बोर्ड. इतक्या वर्षांच्या सप्लायकडून रात्रभर एवढं मागायचं नसतं. आणि लेबलावरचा मोठा आकडा बघून थांबू नका, 12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. 18 अँपिअर असतील तर 18 गुणिले 12, म्हणजे 216 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड यांना मुख्य पॉवर तिथूनच मिळते. स्वस्त एसएमपीएसवर 450 छापलेलं असतं आणि हा गुणाकार केला की खरं कळतं.

“मग एसएमपीएस बदला ना!” बरोबर. पण अशा बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये मदरबोर्डचा कनेक्टर नेहमीच्या 24 पिनचा नसतो. बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही.

पण माझी खरी चूक वायरीत नव्हतीच. त्या मुलाला कार्ड हवं होतं का, हे मी विचारलंच नाही.

त्याला एक्सपोर्ट लवकर हवा होता. त्याच्या आय फाइव्हमध्ये इंटेलचं क्विक सिंक आधीपासून होतं. एडिटिंग सॉफ्टवेअरला ते चालत असेल, तर सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग चालू करून फरक पडला असता. 8 जीबी रॅमची 16 केली असती, एक एसएसडी टाकली असती. उलट गंमत अशी, की बऱ्याच बोर्डांवर कार्ड लावलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं आणि त्याच्यासोबत क्विक सिंकही जातं. आज कोणी अशा मशीनसाठी आरएक्स 6400 घ्यायला निघतो. 53 वॉट, वेगळी पॉवर नको, बारीक कॅबिनेटसाठी छोटं मॉडेलही मिळतं, कागदावर एकदम फिट. पण त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही. गेमवाल्याला चालेल, लग्नाच्या एडिटरचा एक्सपोर्ट त्याने आणखी रखडू शकतो. जीटीएक्स 1650 मध्ये एन्कोडर आहे आणि त्याची काही मॉडेल स्लॉटच्या 75 वॉटवर चालतात; काहींना सहा पिन लागते, म्हणून बॉक्स नाही, कार्डाची कड बघा.

बाकी ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून येणारी मशीन घ्या. पुष्कळ वेळा केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टलाच असते. किंवा मॉनिटर व्हीजीएचा आणि नव्या कार्डावर व्हीजीए नाही, तिथे चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. किंवा काम करताना रॅम हलते. काढा, खोडरबरने पट्टी पुसा, परत लावा. पावसाळ्यात आपल्याकडे हा इलाज फार चालतो. सेकंडहँड कार्ड असेल तर जीपीयू-झेड चालवा, नाव बदलून विकलेली बरीचशी कार्डं तिथे ‘फेक’ दिसतात. आणि पैसे खर्च करायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगा, की विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि चौथ्या जनरेशनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. हे ऐकून तो कार्डाचा विचार सोडून देईल. देऊ दे.

इथेच ‘चेकिंग फ्री’ तुम्हाला मारतं. हे सगळं बघायला पाऊण तास जातो. तो फुकट दिला की घर चालवायला काहीतरी विकावंच लागतं. मग लेबल वाचायचं राहतं, कन्व्हर्टर शोधला जातो. ग्राहकाला वाटतं आपले पैसे वाचले. ते त्याला दुसरीकडून भरावे लागतात.

मी आता तपासणीचे 300 रुपये घेतो आणि ते पुढच्या बिलातून वजा करत नाही. यावरून माझे मित्रच माझ्याशी भांडतात. “निदान वळते तरी करून घे, लोकांना बरं वाटतं.” पण वळते केले, की ‘काही घेऊ नका’ असं सांगितलं तरच मला ते 300 मिळणार आणि विकलं तर जास्त मिळणार; म्हणजे परत तोच मोह. तीनशेच्या बदल्यात मी एक कागद देतो: एसएमपीएसचं लेबल, स्लॉट, कॅबिनेटची जागा, कार्ड चालेल की नाही, आणि ते का. तो कागद घेऊन माणूस मालाडला जाऊ दे नाहीतर थेट ग्रँट रोडला.

नुकसान होतं, खोटं कशाला बोलू? पहिले काही महिने रोज कोणीतरी “चेकिंगचे पैसे?” म्हणून पायरीवरूनच परत जायचं. शेजारचा दुकानदार फुकट बघतो. भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं. तुमच्या हातात तीन-चार महिन्यांचं भाडं नसेल तर पाटी एका रात्रीत बदलू नका, आधी फक्त जुन्या मशीनच्या अपग्रेडपुरती फी सुरू करा.

मागच्या आठवड्यात दहिसरहून एक काका आले. नातवाला गेम खेळायचे म्हणून कार्ड हवं होतं. बारीक कॅबिनेट, 180 वॉटचा एसएमपीएस, विंडोज 10. मी सांगितलं, यात काही टाकू नका, पैसे बाजूला ठेवा. त्यांनी कागद दोनदा वाचला, 300 रुपये दिले आणि विचारलं, “उद्या माझ्या भावाचं मशीन आणू का? त्यालाही कोणीतरी कार्ड सांगितलंय.”

पुढच्या व्हिडिओत तीन वेगवेगळ्या एसएमपीएसची लेबलं कॅमेऱ्यासमोर धरून वाचून दाखवतो. घरी जुनं मशीन असेल तर मेन स्विच बंद करा, साइड पॅनल उघडा आणि तुमच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा.