चिठ्ठी ज्याची, त्याच्या हाती

शेतकऱ्याच्या घरातले कागद पत्र्याच्या पेटीत असतात, लुगड्याच्या घडीखाली. सातबारा, आठ-अ, सोसायटीची पावती, कापसाची पट्टी. कागद हरवला की हक्क बुडाला, हे शिकायला आम्हाला शाळेत जावे लागले नाही. व्यापाऱ्याची कच्ची चिठ्ठी कोणती आणि पक्की पावती कोणती, हे अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळते.

आता असा एक कागद घरात येऊ लागला आहे, जो पेटीत ठेवता येत नाही. डॉक्टरची औषधाची चिठ्ठी मोबाईलवर येते. कधी मेसेजमधल्या लिंकने, कधी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून. घरातले पोर ती मेडिकलवाल्याला दाखवते, गोळ्या येतात आणि चिठ्ठी विसरली जाते. महिन्याने गोळ्या संपल्या की शोधाशोध सुरू होते. भाव, वीज आणि कर्ज यांवर आपण तासन्‌तास बोलतो. पण सावकाराच्या दारात नेणाऱ्या वाटांपैकी दवाखान्याचीही एक वाट आहे. म्हणून या चिठ्ठीचा विचार बैठकीत झाला पाहिजे.

ही सोय कायदेशीर आहे, हे आधी समजून घ्यावे. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्र सरकारने दूरवरून रुग्ण तपासण्याचे नियम जाहीर केले. नोंदणीकृत डॉक्टरने फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला द्यावा आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-चिठ्ठी रुग्णाच्या मोबाईलवर पाठवावी, याला मुभा मिळाली. सरकारची ई-संजीवनी सेवाही त्याच वर्षी थेट घरापर्यंत आली.

या सुधारणेला आमचा विरोध नाही. बियाण्यातले नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे, म्हणून ज्या चळवळीने सरकारशी भांडण केले, ती मोबाईलला कशी घाबरेल? निंदणीच्या दिवसांत रक्तदाबाच्या त्याच त्या गोळ्या लिहून आणायला तालुक्याला जायचे, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. ते वाचत असेल तर हवेच आहे. प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही. चिठ्ठी कोणाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न आहे.

बघा, नंबर कोणाचा दिलेला असतो? पुष्कळ घरांत एकच मोठा फोन असतो आणि तो पोराच्या खिशात असतो. पोरगा पुण्याला कामाला. चिठ्ठी पुण्याला आणि आजारी माय गावात! बाईला स्वतःचा फोन नसेल, तर तिच्या दुखण्याची चिठ्ठी आधी दुसराच वाचतो. आणखी एक. रिचार्ज न करता पडून राहिलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो. कापसाचे पैसे येईपर्यंत ज्याने रिचार्ज लांबवला, त्याच्या दवाखान्याचा मेसेज मग कोण्या परक्याच्या हातात पडतो.

याच नियमांत एक वाक्य असे आहे, की ते प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावे. डॉक्टरला चिठ्ठी परस्पर औषधाच्या दुकानात पाठवायची असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते. आणि औषध कोणत्या दुकानातून घ्यायचे, हे रुग्णाने ठरवायचे. एकाधिकार खरेदीत कापूस कोणाला विकायचा हे सरकार ठरवत असे. ते ज्यांनी सोसले, त्यांनी औषध कोणाकडून घ्यायचे हे दुसऱ्याला ठरवू देऊ नये. चिठ्ठी तुमच्या हातात असेल तर दोन दुकानांत भाव विचारता येतो, जनऔषधी केंद्रात जाता येते. चिठ्ठी परस्पर गेली की सौदाही परस्पर झाला.

दुसऱ्या देशांनी काय केले तेही पाहू. ऑस्ट्रेलियात २०२० पासून डॉक्टर मेसेज पाठवतो. प्रत्येक औषधाला वेगळा मेसेज. लिंक उघडली की चौकोनी कोड दिसतो, दुकानदार तो वाचतो, औषध देतो आणि तो कोड तिथेच संपतो. पुन्हा औषध घ्यायचे असेल तर नवा कोड येतो. पण तो मेसेज ज्याच्या हाती, त्याला औषध मिळू शकते. म्हणून तो रोकडीसारखा सांभाळावा लागतो. पोलंडमध्ये जानेवारी २०२० पासून ई-चिठ्ठी सक्तीची झाली. तिथे मेसेजमध्ये चार आकडी कोड येतो, पण दुकानात त्याबरोबर आपला ओळख क्रमांकही सांगावा लागतो. एक कुलूप एका किल्लीचे, दुसरे दोन किल्ल्यांचे.

आपल्याकडे मात्र बहुतेक चिठ्ठी म्हणजे साधा फोटो. औषध कायद्याच्या नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरची सही आणि तारीख हवी. पुन्हा द्यावे असे लिहिलेले नसेल तर औषध एकदाच द्यायचे आणि दुकानदाराने चिठ्ठीवर तशी नोंद करायची. फोटोवर नोंद कशी करणार? एकच फोटो दहा दुकानांत फिरू शकतो. हे भोक बुजवणे सरकारचे काम आहे.

तोवर आपण काय करायचे? कापसाची पट्टी जशी जपतो, तशीच ही चिठ्ठी जपायची. मेसेज आला की वहीत उतरवा: तारीख, डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक, औषध, किती वेळा, किती दिवस. शक्य असेल तर झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढून पेटीत टाका. फोन भरला म्हणून मेसेज पुसताना हा पुसू नका. नंबर बदलला तर दवाखान्यात कळवा. चिठ्ठी गावाच्या ग्रुपवर टाकू नका. कोणाला कोणता आजार आहे, ही चावडीवरची चर्चा नव्हे. मेसेजमधला ओटीपी कोणाला सांगू नका. पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडून लोकांची खाती रिकामी झाली, हे आपण पाहिले आहे. उद्या तोच चोर दवाखान्याच्या नावाने येईल. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.

आणि फोनवरच्या डॉक्टरची मर्यादाही ओळखा. नशा आणणारी, सवय लावणारी काही औषधे अशा चिठ्ठीवर लिहिण्यास बंदी आहे. तातडीच्या आजारात प्रत्यक्ष दवाखाना गाठायचा, असे नियमच सांगतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ती आठवण अजून ओली आहे. फवारताना गरगरले, ओकारी आली, तर मेसेजची वाट पाहू नका. औषधाची बाटली किंवा डबा बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा.

सरकारकडे आमचे मागणे थोडके आहे. मोबाईलवर चिठ्ठी द्या, पण मागेल त्याला कागदाची प्रतही द्या आणि ती उपकेंद्रातच मिळू द्या. औषध कधी आणि किती घ्यायचे, हे मराठीत लिहा. एकदा वापरलेली चिठ्ठी दुसऱ्यांदा चालणार नाही, अशी व्यवस्था करा. आणि फोन नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नका. २०२५ च्या हंगामात हमीभावाने सीसीआयला कापूस द्यायचा तर ॲपवर नोंदणी करा, असे सांगितले गेले. ज्याच्याजवळ फोन नव्हता, त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागले. कापूस चार दिवस घरात थांबतो. ताप थांबत नाही.

येत्या जिल्हा बैठकीत या चार मागण्यांचा ठराव यावा. तोपर्यंत प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने एक काम करावे. ज्या घरी रोजच्या गोळ्या चालू आहेत, त्या घरी जाऊन विचारावे, तुमची चिठ्ठी कुठे आहे? उत्तर "पोराच्या फोनात" असे आले, तर तिथेच बसून ती वहीत उतरवून द्यावी. मेळाव्याला माणसे जमवण्याइतकेच हे कामही चळवळीचे आहे.

भावांनो, मायबहिणींनो, आपल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवला म्हणून आपण रस्त्यावर आलो. आपल्या दुखण्याचा कागद तरी आपल्याच हातात राहू द्या.